एफ-बाराला पासवर्ड दिसतोय, हॅश करून पाठवू का?

प्रश्न : मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्याला ऑर्डरचं वेब ॲप करून दिलंय. परवा मालकांनी शेजारी बसून एफ-बारा (ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडणारं बटण) दाबायला लावलं, नेटवर्क टॅबमध्ये त्यांचा पासवर्ड जसाच्या तसा, झालं, म्हणाले हे आधी बंद कर, मग पैसे. म्हणून आता ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टनं एसएचए-२५६ हॅश करून, म्हणजे पासवर्डचा उलटा न फिरवता येणारा ठसा काढून पाठवतोय. साइट अजून एचटीटीपीवरच आहे, म्हणजे सगळं उघडंच जातंय. चालतंय न्हवं?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : न्हाई चालत भावा. आधी मालकांना सांग, एफ-बाराला दिसतोय तो त्यांच्याच मशीनवरचा, एन्क्रिप्ट (कुलूपबंद) व्हायच्या आधीचा, एचटीटीपीएस लावलं तरी तिथं दिसणारच. भीती आहे ती पुढच्या वाटेत.

आता तुझा हॅश. अंबाबाईला गेलास की चप्पल स्टँडवर बिल्ला मिळतो ना, परत येऊन जो बिल्ला दाखवील त्याला चप्पल, नाव-गाव कोण विचारतंय. तुझा सर्व्हर हॅश बघून आत सोडतोय म्हणजे हॅश हाच बिल्ला झाला. फुकटच्या वायफायवर कुणी वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारा डेटा बघायचं सॉफ्टवेअर) लावून बसला तर त्याला मूळ पासवर्ड कशाला पाहिजे, हॅशच उचलून पाठवायचा. त्यात एचटीटीपीवर तुझी जावास्क्रिप्ट फाइलच मधल्यामध्ये बदलता येते, दोन ओळी घुसडल्या की टाइप केलेला पासवर्ड थेट त्याच्याकडं.

टीएलएस लाव, म्हणजे साइट एचटीटीपीएसवर आण, बास. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट आहे, जास्तीत जास्त ९० दिवस चालतं, सर्टबॉटला (ते सर्टिफिकेट आणणारं सॉफ्टवेअर) ऑटो रिन्यूवर टाक नाहीतर ऐन गुऱ्हाळाच्या सीझनला एक्सपायर होईल आणि मालकांचा फोन येईल. आणि लावायचं ते अख्ख्या साइटला, नुसत्या लॉगिनच्या पानाला नको, कारण पुढं सेशन कुकी (लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण) उघडी गेली की पासवर्ड न लागताच माणूस आत, २०१० साली फायरशीप नावाच्या फायरफॉक्स एक्स्टेन्शननं हेच तर करून दाखवलं होतं. कुकीला सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवरूनच जाईल) आणि एचटीटीपी-ओन्ली (जावास्क्रिप्टला वाचता येणार नाही) पण लाव.

डेटाबेसमध्ये ठेवताना मात्र नुसतं एसएचए-२५६ नको, लय फास्ट आहे ते, चोराला अंदाज मारत बसायला सोपं जातं. बीक्रिप्ट किंवा अर्गॉन२ हे पासवर्डसाठीचे हॅश घे, ते मुद्दाम स्लो केलेत.

आणि एक, लॉग, म्हणजे सर्व्हर काय काय घडलं ते लिहून ठेवतो ती फाइल. मी एका प्रोजेक्टात हे सगळं नीट करून डीबगची एक ओळ काढायला विसरलो होतो, तीन आठवड्यांचे पासवर्ड फाइलमध्ये उघडे पडलेले. डमी अकाउंट काढून लॉगिन कर आणि लॉगमध्ये तो पासवर्ड सर्च करून बघ.