विमानतळालगतच्या माळाची वनस्पती-प्राणी पाहणी एप्रिलमध्ये उरकेल का?

तुम्ही विचारलंय की कोल्हापूर विमानतळाच्या उजळाईवाडीच्या बाजूचा 60 एकर माळ धावपट्टीच्या कामाआधी एप्रिलच्या एका आठवड्यात पाहून होईल का. प्राण्यांचं बरंचसं होईल, वनस्पतींचं नाही.

पर्यावरण अहवालाची पायाभूत माहिती साधारणपणे पावसाळा सोडून एका ऋतूची घेतात. हवा-धुळीला ते ठीक. पण त्याच फेरीत वनस्पतींची यादीही उरकतात, तिथं घोळ होतो. एप्रिलात माळावर नुसती कुसळं असतात. कंदीलपुष्पं (सेरोपेजिया) आणि जमिनीवरच्या आमऱ्या (ऑर्किड) तेव्हा मातीखाली कंदात असतात, वर काडीही दिसत नाही. पावसानं फुटतात, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतात, आणि फुलाशिवाय कंदीलपुष्पाची जात ठरवणं अवघडच. फुलाचा बाजूनं, तोंडाचा वरून आणि पानाचा फोटो पट्टी ठेवून घ्या. उपटू मात्र नका.

दुसरी चूक चौकटींची, म्हणजे नमुन्यासाठी जमिनीवर आखलेल्या चौकोनांची. 1 × 1 मीटरच्या 40 चौकटी म्हणजे 40 चौरस मीटर, आणि 60 एकर म्हणजे सुमारे 2.43 लाख. गवताचं प्रमाण काढायला हे चालतं, पण दुर्मीळ कंद घोळक्यानं उगवतात, ते निसटतात. त्यासाठी 5-5 मीटरवर समांतर ओळी धरून चालायचं. एकूण साडेअठ्ठेचाळीस किलोमीटर होतात, म्हणजे चौघांत माणशी बारा; रोज माणशी तीन-चार किलोमीटर धरले तर तीन-चार दिवस.

एप्रिलात खोकडाची बिळं शोधा. तोंडाशी ताजी माती, पावलं, विष्ठा दिसली तर आत पिल्लं असू शकतात, कॅमेरा लांबूनच लावा. पक्षी सूर्योदयानंतरच्या दोन तासांतच मोजा. टिटवीची अंडी खड्यांत खड्यासारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की पाऊल जिथं आहे तिथंच थांबवा.

विमानतळाच्या कुंपणाच्या आतलं गवत पक्षी येऊ नयेत म्हणून छाटलेलं असतं, त्यावरून बाहेरच्या माळाचा अंदाज बांधू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याची अनुसूची (संरक्षित जातींची यादी) तपासताना 2022 च्या दुरुस्तीनंतरचीच घ्या: 1 आणि 2 प्राण्यांच्या, 3 वनस्पतींची. जुन्या सहा अनुसूचींवरून केलेले तक्ते अजून फिरतात.

कंद हलवायचेच ठरले तर फूल असतानाच शेजारी खुंटी ठोका आणि जीपीएस नोंदवा. पानं वाळल्यावर खणायला जाल, तेव्हा वर खुंटीखेरीज काहीच नसतं.