"शिबिरात सगळेच हुशार आहेत, मी सोडून"

दर उन्हाळ्यात विज्ञान शिबिरं सुरू झाली, की पालकांकडून हा प्रश्न येतोच : "शाळेत कायम पहिली, पण शिबिरातून रडत घरी आली. उद्यापासून जाणार नाही म्हणते. नाव काढून घेऊ का?" अशाच एका नववीतल्या मुलीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आई आधी बोलली. "मी तिला सारखं सांगते, अगं तू हुशार आहेस, तुला जमेल." मुलगी गप्प. आई बाहेर गेल्यावर म्हणाली, "तिथे सगळेच हुशार आहेत. मी इतकी वर्षं पहिली कशी येत होते, कोण जाणे."

"नेमकं काय झालं?"

लंबकाचा प्रयोग होता. एक मीटर दोरा, वीस झोके, त्यांना लागलेला वेळ, आणि त्यावरून गुरुत्व त्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो तो आकडा. बाकीच्यांचं उत्तर 9.8 च्या आसपास, हिचं 10.9. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर. हिने वही मिटून टाकली. "सरांना विचारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं ना."

समजूत घालत बसले नाही. किल्ल्यांच्या जुडग्याला दोरा बांधून तिच्या हातात दिला. "तिथे केलंस अगदी तसंच कर. मोठ्याने मोज."

तिने किल्ल्या बाजूला ओढल्या, सोडल्या आणि सोडतानाच म्हणाली, "एक." चार-पाच झोक्यांनंतर थबकली. पुन्हा सोडल्या, या वेळी ओठ घट्ट मिटून. मग माझ्याकडे बघितलं. "मॅडम, सोडतानाच एक म्हणतेय मी! झोका तर झालाच नव्हता." म्हणजे वीस म्हणेपर्यंत झोके एकोणीसच. माझ्याच टेबलावरचा कागद ओढून तिने 38.1 सेकंदांना 19 ने भागलं, आलेला वेळ सूत्रात घातला. उत्तर 9.8.

मी काही सांगितलं नव्हतं, आणि त्याचंच मला समाधान आहे. चूक हाताने सापडली, की ती भीतीची गोष्ट राहत नाही. दुसऱ्या दिवशी तिने हे सगळं गटाला करून दाखवलं. शिबिर संपल्यावर भेटायला आली, तेव्हा आठवणीतला दिवस कोणता, असं विचारलं. दुर्बिणीतून शनीची कडी बघितली होती तिने. तरी म्हणाली, "10.9 चं कोडं सांगितलं, तो."

पालकांनो, "तू हुशार आहेस" हे प्रेमानेच म्हणता, पण त्याचं ओझं होतं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये दाखवलं, की बुद्धीचं कौतुक झालेली मुलं अवघड कोडी समोर येताच मेहनतीचं कौतुक झालेल्या मुलांपेक्षा लवकर खचतात. आपले गुण वाढवून सांगणारीही त्यांच्यात जास्त होती. हिने वही का मिटली, ते यावरून कळतं. मी मात्र सर्वांत जास्त मानते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांना. त्यांचं म्हणणं असं : स्वतः करून जमल्याचा अनुभव माणसाला जेवढा विश्वास देतो, तेवढा कोणाच्याही शब्दांनी मिळत नाही.

म्हणून मूल घरी आलं, की "कितवा नंबर?" विचारू नका. "आज काय अडलं? दाखव बरं करून," म्हणा आणि शेजारी बसा. उत्तर येत असलं तरी सांगू नका. हे सगळ्यांत कठीण जातं. शिबिर सोडायचं की नाही, हे रडण्याच्या दिवशी ठरवू नका. मात्र झोप-जेवण बिघडलं असेल किंवा कोणी चिडवत असेल, तर मार्गदर्शकांशी लगेच बोला. तरीही फरक पडला नाही, तर नाव काढून घ्या आणि त्याबद्दल मुलाला कधीही टोमणा मारू नका.