सोलापुरात जुन्या मोटरसायकलची चेसी, स्टँड आणि पेट्रोलची टाकी यांसाठी स्प्रे पेंट घ्यावा की पावडर कोटिंग?

चेसी, स्टँड आणि स्विंग आर्म (मागचे चाक धरणारा दांडा) यांना पावडर कोटिंग करावे; टाकीला मात्र टू-के पीयूचा (हार्डनर मिसळून वापरायचा दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग) स्प्रे पेंटच द्यावा. पावडर विद्युतभाराने धातूला चिकटते आणि भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांना वितळून सलग, जाड थर होते, त्यामुळे खडी उडून बसणारे मार किंवा पान्याचे ओरखडे ती साध्या रंगापेक्षा पुष्कळ अधिक सोसते. टाकीवर पोचे भरण्यासाठी लावलेली पुटी या तापमानात टिकत नाही, आणि आत पेट्रोलची वाफ उरलेली टाकी भट्टीत ठेवणे तर सरळसरळ धोक्याचे आहे. सोलापुरातील उन्हाचा विचार करता पावडर पॉलिएस्टरचीच मागावी, कारण निव्वळ इपॉक्सी पावडर उन्हात भुरकट पडते. हे मी कोटिंगच्या कामाच्या अनुभवावरून सांगत आहे. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत काम देण्यापूर्वी एवढे पाहावे:

- बेअरिंग, बुश आणि रबर काढलेले असावेत, आणि जुना रंग व गंज सँडब्लास्टिंगने (वाळूच्या जोरदार माऱ्याने) पूर्ण उतरवलेला असावा. गंजावर मारलेली पावडर पुढे पापुद्र्यांनी सुटते.
- आट्यांवर आणि चेसी नंबरवर उष्णता सोसणारी टेप लावून घ्यावी. नंबर जाड थराखाली बुजला, तर आरटीओत तपासणीच्या वेळी अडचण होते.

तथापि, पावडरचा थर एका जागी उडाल्यास तेवढाच भाग पुन्हा भट्टीत घालून जुळवता येत नाही, म्हणून वारंवार घासल्या जाणाऱ्या लहान भागांना स्प्रे पेंट स्वस्त आणि सोयीचा ठरतो.