विवाल्दीने फक्त व्हायोलिनसाठीच लिहिलं का? गायनातलं त्याचं काय ऐकावं?

नाही, इटलीचा अठराव्या शतकातला संगीतकार विवाल्दी याने ऑपेरेही (गाण्यातून सादर होणारी नाटकं) भरपूर लिहिले. सुरुवात चेचिलिया बार्तोलीच्या १९९९ च्या विवाल्दी अल्बमपासून करा. इटलीच्या या मेझो-सोप्रानोने (मध्यम पट्टीचा स्त्री-आवाज असलेल्या गायिकेने) 'इल जार्दिनो आर्मोनिको' या वाद्यवृंदासोबत विवाल्दीच्या ऑपेरांतल्या आरिया, म्हणजे एकल गाणी, त्यात गायली आहेत. विवाल्दीची हस्तलिखितं इटलीतल्या तुरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९२७ आणि १९३० मध्ये येऊन पोहोचली, तोवर ती खासगी संग्रहांत होती. म्हणून हे संगीत अनेकांना अजूनही नवं वाटतं.

आधी 'जेलिदो इन ओन्यी वेना' ऐका, 'फार्नाचे' ऑपेरातली. आपला मुलगा मेला असं समजलेला बाप म्हणतो, नसानसांतून बर्फासारखं थंड रक्त वाहतंय. तंतुवाद्यांचे सुरुवातीचे तुटक, थरथरते सूर ऐकताच 'चार ऋतू' या त्याच्या प्रसिद्ध व्हायोलिन-रचनांमधला हिवाळा आठवेल, कारण विवाल्दीने तीच धून इथे पुन्हा वापरलीय. बार्तोली हे जवळजवळ कुजबुजत सुरू करते, श्वासही ऐकू येतो. मला तिच्या वेगवान ताना आवडतात, पण ती खरी मोठी गायिका इथे कळते.

एक लक्षात ठेवा: या आरियांमध्ये पहिला भाग शेवटी पुन्हा येतो आणि तेव्हाच्या हरकती गायक स्वतः घालतो, तशी त्या काळापासूनची रीतच आहे. त्यामुळे दुसऱ्यांदा ऐकू येणारा प्रत्येक स्वर विवाल्दीने लिहिलेला असेलच असं नाही. फिलिप झारुस्की हा काउंटरटेनरही (स्त्री-आवाजाच्या उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक) विवाल्दी उत्तम गातो; त्याचं 'वेद्रो कोन मियो दिलेत्तो' जरूर ऐका.