परदेशात हॉटेलात जेवायला गेलात आणि पार पोपट झाला, असं कधी झालंय का?

झालंय ना, आणि तेही क्वालालंपूरला, जिथे रस्त्यावरच्या गाडीवरसुद्धा मस्त खायला मिळतं. मी, बायको आणि आई असे तिघं गेलो होतो, बुकित बिनतांगला दिवसभर मॉल फिरून पायांचे तुकडे पडलेले, म्हणून समोर दिसलं त्या मलेशियन हॉटेलात शिरलो. बाहेर डिशेसचे मोठ्ठे फोटो आणि दारात एक पोरगा अक्षरशः ओढून आत नेतोय, तिथेच कळायला हवं होतं खरं तर.

आई माळकरी. त्यामुळे बसल्या बसल्या वेटरला सांगितलं, नो मीट, नो फिश, नो एग. तो यस यस म्हणाला आणि जो गेला तो गेलाच. पाणीसुद्धा नाही. शेजारच्या टेबलवाले आमच्यानंतर आले, त्यांचं जेवण आलं, खाऊन झालं, बिल देऊन ते गेले, टेबल पुसून झालं आणि आम्ही आपले मेनूकार्डाने वारा घेत बसलोय.

शेवटी पाऊण तासाने आईचं नासी लमाक आलं. हा भात नारळाच्या दुधात पांदानचं पान घालून शिजवतात, सोबत सांबल म्हणजे तिखट लाल चटणी, शेंगदाणे, काकडी, अंडं आणि मांदेलीसारखे बारीक सुके मासे तळून. तर मासे आणि अंडं काढलं होतं, सांबल मात्र तसंच. आईने ताट नाकाशी नेलं न नेलं तोच, "अरे, ह्याला सोड्यांचा वास येतोय." बरोबरच होतं तिचं. त्या चटणीत बलाचान असतं, बारीक कोळंबी आंबवून वाळवून केलेला गोळा, आणि तो तिकडे आपल्या हिंगासारखा कशातही पडतो, पालेभाजीत पण. वेटरचं एकच पालुपद, नो मीट, नो मीट. म्हणजे त्याच्या हिशोबाने तो खोटं बोलतच नव्हता म्हणा. मग मॅनेजर आला, फोन कानालाच, ताट उचलून आत घेऊन गेला आणि दोन मिनिटांत तेच ताट परत! चटणी चमच्याने खरवडलेली आणि भातावर लाल डाग तसाच. डोकंच फिरलं माझं. आईने कडेच्या चार काकडीच्या चकत्या धुऊन खाल्ल्या आणि पिशवीतला लाडू काढला.

माझं चिकन रेंदांग तर विचारूच नका. रेंदांग म्हणजे नारळाचं दूध, गवती चहा, मसाला सगळं तासन्‌तास आटवून, शेवटी भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण लावून मांसाला घट्ट चिकटलेला मसाला. माझ्यापुढे आला तो पिवळा पाणचट रस्सा, त्यात वेगळं उकडलेलं चिकन सोडलेलं. 2018 मध्ये ब्रिटनच्या एका टीव्ही स्पर्धेत परीक्षक म्हणाला होता की चिकन रेंदांगची कातडी कुरकुरीत नाही, तर अख्खा मलेशिया त्याच्यावर तुटून पडला, तेव्हाचे पंतप्रधान नजीब रझाकसुद्धा बोलले. तेव्हा मला ती लोकं जरा जास्तच करतायत असं वाटलं होतं. आता नाही वाटत. तेह तारिक म्हणजे तिकडचा दुधाचा चहा मागवला, तो दोन भांड्यांत उंचावरून ओतून फेसाळ करतात, तर आमच्या कपात फेस नावाला नाही, वर साय.

आणि बिल! मेनूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं होती, मला वाटलं डिझाईन असेल. त्याचा अर्थ सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स वेगळा. 110 रिंगिटचं जेवण, 11 सर्व्हिस चार्ज, 6 टक्के टॅक्सचे 6.60, टोटल 127.60. टॅक्स सरकारचा, त्याबद्दल तक्रार नाही, पण सर्व्हिस चार्ज हॉटेलवाला स्वतः लावतो आणि सर्व्हिस कुठली तर ती खरवडलेली चटणी! हुज्जत घातली, नाही काढला. आईचं ताट पण लावलं बिलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलो होतो त्या गल्लीत मामाकवाल्याकडे गेलो, म्हणजे तमिळ मुसलमानांची टपरीवजा हॉटेलं, बरीचशी 24 तास चालू. तिथे आईसाठी रोटी कोसोंग म्हणजे आत अंडं वगैरे काही न भरलेली रोटी मागितली, तर त्या माणसाने आपणहून सांगितलं की मासळीची करी वाढत नाही, फक्त डाळ देतो. दोन खाल्ल्या आईने. तुमच्याबरोबर कोणी शाकाहारी असेल तर "बलाचान आहे का" हेच विचारा, व्हेज म्हणून काही उपयोग नाही, किंवा सरळ ब्रिकफील्ड्सला, म्हणजे क्वालालंपूरच्या लिटल इंडियात जा, तिथे केळीच्या पानावर भात-भाजी मिळते.

त्या हॉटेलला मी दोन स्टार दिले. बायको म्हणाली एक का नाही, म्हटलं अगं, काकडी ताजी होती.