कॅसेटवरचं अंतराळयुद्ध

प्रश्न : जुन्या व्हीएचएस कॅसेटवर गाजलेला विज्ञानपट लावला, तर खाली पांढऱ्या रेघा नाचतात आणि कडेची यानं दिसतच नाहीत. व्हीसीआर बिघडला का?

उत्तर : रेघांसाठी आधी ट्रॅकिंगचं बटण सावकाश फिरवा. नाहीच गेल्या तर हेड (टेपवरचं चित्र वाचणारा भाग) मळलंय. प्लग काढा, शॅमॉय लेदरला (मऊ चामड्याला) आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून स्थिर धरा आणि हेड बसवलेला आतला गोल ड्रम हाताने आडवा फिरवा. उभं घासलंत, तर हेड तुटलंच म्हणून समजा! कापसाचे तंतू अडकतात, तो नको. टेपच्या कडेवर पांढरी बुरशी असेल तर कॅसेट आत घालूच नका.

यानांचं म्हणाल, तर त्यात व्हीसीआर निर्दोष आहे. 2.35:1 चं (उंचीच्या 2.35 पट रुंद) चित्र जुन्या टीव्हीच्या 4:3 पडद्यात बसवताना सुमारे 43 टक्के भाग कापला जातो. लेटरबॉक्स, म्हणजे चित्र न कापता पूर्ण रुंदीत दाखवणारी आवृत्ती शोधा. वर-खाली काळ्या पट्ट्या सोसाव्या लागतील, इतकंच.