सर्टिफिकेट धायरीत, फार्मासिस्ट हिंजवडीत

प्रश्न : मी बी.फार्म. आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलकडे माझी नोंदणी झाली. वडिलांच्या एका मित्राचं (आम्ही त्यांना काकाच म्हणतो) धायरीत मेडिकल आहे. नोकरी शोधत होते तेव्हा त्यांनी परवान्यासाठी फार्मासिस्ट म्हणून माझं सर्टिफिकेट दुकानाला लावलं आणि दरमहा सहा हजार रुपये माझ्या खात्यात भरायला लागले. पुढे मला हिंजवडीत एका कंपनीत नोकरी लागली, पण सर्टिफिकेट तिथेच राहिलं; असं सर्टिफिकेट सगळेच देतात. गेल्या महिन्यात औषध निरीक्षक आले तेव्हा काउंटरवर फक्त एक मुलगा होता आणि एच-१ रजिस्टर जवळजवळ कोरं होतं. दुकानाला कारणे दाखवा नोटीस आली आहे, खुलासा देण्याबद्दल मलाही पत्र आलंय. काका म्हणतात, रविवारी ये, रजिस्टरवर सह्या कर आणि पाहणीच्या दिवसाचा रजेचा अर्ज लिहून दे, म्हणजे विषय मिटेल. वडील म्हणतात, संबंध बिघडवू नकोस. माझी नोंदणी जाईल का? माझ्यावर खटला होईल का? घेतलेले पैसे परत करू का? मूळ सर्टिफिकेट त्यांच्या भिंतीवर फ्रेममध्ये आहे आणि ते द्यायला टाळाटाळ करतायत.
– र., सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : रविवारी जाऊ नका. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं खाली देते, पण त्यातली बरीचशी या एका गोष्टीवर अवलंबून आहेत, म्हणून ती आधी.

आत्तापर्यंत तुमच्या हातून झालं ते व्यावसायिक गैरवर्तन आहे. रविवारी काका सांगतात ते केलंत, तर तो फौजदारी गुन्हा होईल. मागची तारीख टाकून लिहिलेला रजेचा अर्ज आणि नंतर भरलेलं रजिस्टर सरकारी अधिकाऱ्यापुढे खरं म्हणून ठेवायचं, याला भारतीय न्याय संहितेत बनावट दस्तऐवजाची कलमं आहेत (३३६ आणि ३४०). आणि पकडलं जाणं अगदी सोपं आहे. त्या दिवशी तुम्ही हिंजवडीत होतात हे तुमच्या कंपनीचं बायोमेट्रिक सांगेल. तिथे पूर्णवेळ नोकरी आहे हे प्रॉव्हिडंट फंडाचं खातं सांगेल. शिवाय रजा घ्यायला आधी तिथे नोकरी असावी लागते. ‘त्या एका दिवशी रजेवर होते’ असं लिहिलंत की ‘बाकीचे दिवस तिथेच होते’ हे आपोआप लिहिलं जातं, आणि ते खोटं आहे.

रजिस्टरचंही तसंच. एच-१ ही वेगळी नोंद ठेवूनच विकायच्या औषधांची यादी, ती १ मार्च २०१४ पासून लागू आहे. वरच्या पिढीची अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं, सवय लावणाऱ्या काही गोळ्या तिच्यात येतात. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, हे विकतानाच वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं असतं. ते एका बैठकीत भरायला बसलात की खरेदीची बिलं, शिल्लक साठा आणि बिलिंग सॉफ्टवेअरमधली वेळ या तिघांशी ताळमेळ घालावा लागतो. तो बसत नाही. निरीक्षकाने रजिस्टर कोरं पाहिलं तेव्हा पाहणीच्या अहवालात आणि दुकानाच्या नमुना ३५ च्या तपासणी वहीत शेरा लिहिलेला असणार. ज्या पानावर ‘नोंदी नाहीत’ असा शेरा आहे, तिथेच उद्या नोंदी दिसल्या तर कोणाच्या हस्ताक्षरात दिसतील? तुमच्या.

आता खुलासा. पत्रात मुदत दिलेली असेल. ती अपुरी असेल तर आजच अन्न व औषध प्रशासनाचे सहायक आयुक्त (औषधे) यांच्या कार्यालयाला लेखी वाढ मागा आणि सोबत पाहणी अहवालाची प्रत मागा. अहवाल वाचल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही. खुलासा छोटा असू द्या. त्या तारखेला त्या वेळी मी दुकानात नव्हते, माझी पूर्णवेळ नोकरी दुसरीकडे आहे, या दुकानाच्या परवान्यावरून माझं नाव कमी करण्याचा अर्ज मी अमुक तारखेला दिला आहे. एवढंच. खोटं एक अक्षर लिहायचं नाही, पण मनातलं सगळंही ओतायचं नाही. पश्चात्तापाची चार पानी पत्रं मी पाहिली आहेत. त्यातलं प्रत्येक वाक्य पुढे त्या माणसाविरुद्धच वाचलं जातं. औषध निरीक्षक पोलीस अधिकारी नसतो, त्यामुळे पोलिसांपुढच्या कबुलीला कायद्यात जे संरक्षण आहे (ती पुरावा म्हणून वापरता येत नाही) ते इथे मिळेल असं गृहीत धरू नका. दुसरीकडे, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती आरोपीवर करता येत नाही हा हक्क घटनेच्या कलम २०(३) मध्ये आहे. जबाबाला बोलावलं तर वकील सोबत घेऊन जा.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला विचारावं लागेल. बिलांवर, रजिस्टरवर आधीच्या काळात तुमच्या नावाच्या सह्या आहेत का? कोणी केल्या? चिठ्ठीवरचं औषध दिल्याच्या नोंदीवर फार्मासिस्टची सही लागते, त्यामुळे वर्षभर कोणीतरी तिथे काहीतरी खरडलेलं असणार. त्या सह्या दुसऱ्याने केल्या असतील तर ‘या सह्या माझ्या नाहीत’ हे खुलाशात यायलाच हवं, नंतर सांगितलंत तर ते सुचलेलं वाटेल. आणि तुम्हीच कोऱ्या बिलबुकांवर सह्या करून ठेवल्या असतील, तर खुलासा एकटीने लिहू नका. कागद घेऊन वकिलाकडे जा.

नोंदणी जाईल का? जाऊ शकते. तुमची खरी भीती हीच असायला हवी. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ३६ खाली, व्यवसायाला न शोभणारं वर्तन झालं असं कौन्सिलच्या कार्यकारी समितीला वाटलं तर ती नाव नोंदवहीतून काढू शकते, ठराविक वर्षांसाठी किंवा कायमचं. स्वतः न बसता आपलं सर्टिफिकेट दुकानाला वापरू देणं हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत गैरवर्तनातच धरलं आहे. पण हे एका फटक्यात होत नाही. आधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. समितीच्या आदेशाला कौन्सिलची मंजुरी लागते, मंजुरीनंतर तीन महिने तो अमलात येत नाही आणि मंजुरी कळल्यापासून तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. समितीपुढे उभं राहाल तेव्हा दोनच गोष्टी तुमच्या बाजूने बोलतील. नोटीस आल्यावर तुम्ही ताबडतोब नाव काढून घेतलंत, आणि खोटा कागद केला नाहीत.

खटल्याचं थोडक्यात सांगते. परवाना काकांचा, त्यामुळे परवान्याच्या अटी मोडल्याची पहिली जबाबदारी त्यांची. औषध नियमांतल्या नियम ६६ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. त्यावर तीन महिन्यांत राज्य सरकारकडे, म्हणजे प्रत्यक्षात खात्याच्या मंत्र्यांपुढे, अपील असतं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २७(ड) खाली एक ते दोन वर्षं कैद आणि किमान वीस हजार दंड आहे, पण २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हा गुन्हा रक्कम भरून तडजोडीने मिटवण्याची सोय केली. त्याच कायद्याने फार्मसी कायद्याचं कलम ४२ बदललं. फार्मासिस्ट नसताना चिठ्ठीवरची औषधं देणाऱ्याला पूर्वी सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड होता. आता कैद तीन महिन्यांपर्यंत, पण दंड दोन लाखांपर्यंत. हे कलम थेट लागतं ते काउंटरवरच्या मुलाला. आठ-दहा हजारांवर राबणारं ते पोर, त्याला हे कोणी सांगितलेलंही नसेल. तुमच्यावर थेट कलम ४२ येत नाही, पण मदत केल्याचा आरोप येऊ शकतो, कारण देखरेख करणारी म्हणून कागदावर नाव तुमचंच आहे.

पैसे परत करू नका, उरलेले मागूही नका. करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, कायद्याचा हेतू हाणून पाडणारा करार मुळातच रद्दबातल असतो. सर्टिफिकेट भाड्याने देण्याचा करार त्याच जातीचा. काकांनी ‘नुकसानभरपाई मागीन’ म्हटलं तरी कोर्ट त्यांच्यासाठी तो करार अमलात आणणार नाही, आणि थकलेल्या महिन्यांसाठी तुमच्यासाठीही नाही. आता एकदम मोठी रक्कम परत पाठवलीत तर बँकेच्या उताऱ्यावर आणखी एक नोंद वाढेल आणि तिचा अर्थ समोरचा त्याला हवा तसा लावेल.

सर्टिफिकेट तुमचं आहे. ते अडवून धरायचा काकांना काही अधिकार नाही. दुकानाला राजीनाम्याचं पत्र द्या आणि त्यातच सात दिवसांत मूळ प्रत परत करा असं लिहा. पत्रावर ज्या दिवशी लिहिता तीच तारीख घाला, दुकानाला स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती जपा. त्याची प्रत सहायक आयुक्तांकडे द्या आणि आवक शिक्का घ्या. परवान्याच्या पोर्टलवरूनही नाव कमी करण्याची विनंती टाका. नुसतं व्हॉट्सॲपवर ‘काका, माझं नाव काढा’ म्हणून भागत नाही. सात दिवसांत प्रत मिळाली नाही तर पोलीस ठाण्यात अर्ज आणि कौन्सिलकडे दुय्यम प्रतीची मागणी.

आता थोडं विषयांतर. तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, ‘सगळेच देतात’. खरं आहे, बरेच देतात. कायदा म्हणतो की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचं. धायरीतलं मेडिकल सकाळी आठला उघडतं आणि रात्री अकराला बंद होतं. एक माणूस पंधरा तास उभा राहू शकत नाही, म्हणजे प्रामाणिक दुकानाला दोन फार्मासिस्ट हवेत. दोन पगार निघतील एवढा नफा गल्लीतल्या दुकानात उरत नाही. नियंत्रित किमतीच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला सोळा टक्के धरलेले असतात, आणि शेजारच्या साखळी दुकानाच्या पाटीवर वीस टक्के सूट लिहिलेली असते. ऑनलाइनवाल्यांसाठी वेगळे नियम येणार होते, त्यांचा २०१८ चा मसुदा मसुदाच राहिला. २०१२ नंतर महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्ट नसलेल्या दुकानांवर कडक मोहीम झाली, विक्रेत्यांनी बंद पुकारले, आणि पुण्यातल्या काउंटरवर ‘चिठ्ठी आहे का?’ हा प्रश्न तेव्हापासून जरा जास्त ऐकू येऊ लागला. पुढे परवाने ऑनलाइन झाले, त्यामुळे एकाच नावावर दोन दुकानं दाखवणं अवघड झालं. पण नाव दुकानात आणि माणूस हिंजवडीत, हे पोर्टलला दिसत नाही. दंड दोनशे पटींनी वाढवला, पण दुसऱ्या फार्मासिस्टचा पगार कुठून येणार हे कोणी बघितलं नाही. माझ्या मते सुधारणा तिथे अर्धी राहिली. तुम्ही महिन्याला घेतलेले सहा हजार त्या उरलेल्या अर्ध्यातून आले.

हे सगळं मान्य करूनही तुम्हाला सूट देत नाही. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी बहुतेकांना आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर माणूस दगावू शकतो. ‘आजी, ही फक्त सोमवारी’ हे सांगायला शिकलेला माणूस काउंटरवर हवा. त्या मुलाला ते माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. सहा हजार रुपये तुम्हाला तिथे नसण्याचे मिळत होते. कौन्सिलच्या समितीत फार्मसीतलीच माणसं बसतात, ती नेमका हाच प्रश्न विचारतील. म्हणून उत्तर आत्तापासून मनाशी ठेवा, आणि ‘सगळेच देतात’ हे ते उत्तर नाही.

काकांसाठीही एक रस्ता आहे, वडिलांमार्फत तेवढा कळवा. पूर्णवेळ फार्मासिस्ट नेमून त्याचं नाव परवान्यावर लागेपर्यंत चिठ्ठीवरची औषधं विकणं थांबवायचं, आणि तसं नोटिशीच्या उत्तरात लिहायचं. चूक कबूल करून दुरुस्ती दाखवणाऱ्या दुकानाला निलंबनाचे दिवस कमी मिळण्याची शक्यता असते. बनावट रजिस्टर दाखवणाऱ्याला रद्दच होण्याची.

वडिलांचा प्रश्न उरला. काका घरी आले तर चहा द्या, बोलू द्या, पण कुठल्याही कागदावर सही नको, आणि त्या बैठकीत वडिलांनीही ‘ती करेल सही’ असा शब्द देऊ नये. फोनवर या विषयाचं बोलणं टाळा. काकांनी ‘रविवारी ये’ असा मेसेज पाठवला असेल तर तो डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. तुम्ही खोट्या कागदाला नकार दिला याचा सध्या तरी तोच एक पुरावा आहे, म्हणून उत्तरही लेखी द्या. ‘काका, मला मागच्या तारखेच्या सह्या करता येणार नाहीत. राजीनामा पोस्टाने पाठवला आहे.’ याच्यापुढे एक ओळही नको.